विमेवाल्याचा विमा

मुंबईत नरीमन पॉइंटला आयुर्विमा महामंडळाची मुख्य कचेरी आहे. इमारतीचे नाव 'योगक्षेम'. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताचा भार वाहण्याचे जे आश्वासन दिले, तेच महामंडळाचे बोधवाक्य. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि २४५ कंपन्या व मंडळ्या सरकारच्या हाती आल्या, तेव्हा तो शब्द शोभला. २००० सालापासून खाजगी कंपन्या पुन्हा या धंद्यात उतरल्या. त्यांच्याही जाहिरातीत बाप, लेक आणि हसरे घर असतेच. माझा प्रश्न साधा आहे. दारोदार योगक्षेम विकत फिरणाऱ्याच्या स्वतःच्या घराचे काय?

गेल्या मार्चात माझा एक जुना विद्यार्थी रात्री नऊला दारात उभा राहिला. एका खाजगी विमा कंपनीत तो सेल्स मॅनेजर आहे. पाया पडला, बसला. पण चहा संपेपर्यंत फोन तीनदा वाजला. दर वेळी तो उठून म्हणे, "हो सर, एक बसतंय." ते 'एक' म्हणजे मी! मी विचारले, "अरे, लेक केवढी झाली?" तो म्हणाला, "गुरुजी, ती झोपल्यावर मी घरी पोचतो. रविवारी पाहुण्यांकडे जातो, तर फॉर्म बरोबर असतात." मग मान खाली घालून म्हणाला, "हल्ली कोणी लग्नाला बोलवत नाही."

गेलेले तास एखादे वेळी भरून काढता येतील. मामा, मावसभाऊ, शेजारी यांना 'गिऱ्हाईक' करून टाकल्यावर ती माणसे परत कोठून आणायची?

कोणी शहाणा म्हणेल, "मास्तर, त्याने वेळेचे नियोजन करावे." कंपन्याही हल्ली 'वर्क-लाइफ बॅलन्स'ची शिबिरे भरवतात. हमालाच्या पाठीवर दोन पोती जास्त टाकायची आणि त्याला ताठ चालण्याचे व्याख्यान द्यायचे, त्यातलाच हा प्रकार! तोल त्याचा गेलेला नाही. आकडा वरून येतो. २०२३ च्या जूनमध्ये कोलकात्यातील एक बँक अधिकारी विम्याच्या पॉलिसी कमी विकल्या म्हणून हाताखालच्यांवर ओरडताना साऱ्या देशाने पाहिला. बँकेने त्याला निलंबित केले. माणूस निलंबित झाला. आकडा कामावरच राहिला.

२०२१ च्या मेपासून महामंडळाच्या कचेऱ्यांना दर शनिवारी सुट्टी मिळाली. फार चांगले झाले. पण सुट्टीला गिऱ्हाईक घरी सापडते, म्हणून विकणाऱ्याचा खरा दिवस तेव्हाच सुरू होतो. कामाचे तास संपल्यावर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क द्यावा, असे विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

आणि हा जाच विकणाऱ्यापाशीच थांबतो, असे समजू नका. रात्री दहाच्या आत आकडा भरायचा असेल, तर समोरच्या विधवेला काय हवे हे विचारायला सवड कोणाला? तिला नको ती पॉलिसी गळ्यात पडते, पुढला हप्ता थकतो, आणि भरलेल्यातले बरेच पैसे बुडतात.

यावर औषध धंद्याच्याच वहीत आहे. घेतलेल्या पॉलिसींपैकी किती तेराव्या महिन्यात चालू आहेत आणि किती एकसष्टाव्या, याचा हिशेब प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो. माझे गणित दहावीपुरते. पण एवढे मला कळते की साहेबाची बढती आजच्या आकड्यावर न ठरवता एकसष्टाव्या महिन्यावर ठरवली, तर रात्रीचे फोन आपोआप थंडावतील. पाच वर्षे टिकणारी पॉलिसी रात्री नऊला दरडावून विकली जात नाही.

त्या रात्री मी सही केली, हे सांगायला लाज वाटते. विम्याची गरज नव्हती. पोराची कीव आली. येत्या मार्चात दुसरा हप्ता आहे आणि तो मला झेपणार नाही. त्याचा जाब साहेब मला विचारणार नाही. त्या पोरालाच विचारील, रात्री नऊ वाजता, दुसऱ्या कोणा गुरुजींच्या दारात.