जीभ फसते, पण आतडं फसत नाही: 'शुगर फ्री' घेऊनही साखरेची ओढ का राहते?

चहात साखरेऐवजी गोळी, कोल्ड्रिंक 'झिरो'वालं आणि दिवाळीला 'शुगर फ्री' काजू कतली (काजूच्या कॅलरी तशाच राहतात, ते सोडा). तोंड गोड होतं, तरी थोड्या वेळाने खरं काहीतरी गोड खावंसं का वाटतं?

याचं उत्तर बऱ्याच अंशी आतड्यात आहे.

कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये उंदरांसमोर दोन बाटल्या ठेवल्या. एकीत ग्लुकोजचं पाणी, दुसरीत कृत्रिम स्वीटनरचं. सुरुवातीला उंदीर दोन्ही सारखंच प्यायले. दोन दिवसांत मात्र ते जवळपास फक्त साखरेच्याच बाटलीकडे वळले. ज्या उंदरांना गोड चवच कळत नव्हती, त्यांनीही साखरच निवडली! म्हणजे ही निवड चवीची नव्हती. आतड्यात पोहोचलेल्या साखरेची खबर व्हेगस नावाच्या नसेतून थेट मेंदूला जात होती.

ही खबर देतं कोण? ड्यूक विद्यापीठाच्या 2022 च्या संशोधनानुसार आतड्याच्या अस्तरातल्या 'न्यूरोपॉड' पेशी. साखर आली की त्या ग्लुटामेट सोडतात, स्वीटनर आलं की एटीपी. दोन पदार्थ, दोन वेगळे निरोप. या पेशी प्रकाशाच्या मदतीने बंद केल्यावर उंदरांना साखर आणि सुक्रालोज यांत फरक करता येईना.

पण हे झालं उंदरांचं. माणसांचं काय?

2025 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने 75 जणांना वेगवेगळ्या दिवशी साखरेचं पेय, सुक्रालोजचं पेय आणि साधं पाणी दिलं. सुक्रालोजनंतर भुकेशी संबंधित हायपोथॅलॅमस जास्त सक्रिय दिसला आणि साखरेच्या तुलनेत भूकही जास्त लागली. साध्या पाण्याच्या तुलनेत मात्र भूक वाढली नाही. 'स्वीटनरने भूक भडकते' असं सांगणाऱ्या रील्समध्ये हा भाग बहुधा ऐकू येणार नाही.

त्यामुळे 'स्वीटनर म्हणजे विष' हा निष्कर्ष घाईचा आहे. 'शुगर फ्री घेतलं की वजन उतरतं' हाही तितकाच घाईचा. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्येच वजन नियंत्रणासाठी स्वीटनर वापरू नका, असा सल्ला दिला होता. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांच्यासाठी साखर रक्तात लगेच काय करते, हा प्रश्न मोठा आहे. तेव्हा ही बातमी वाचून घरातल्या मधुमेही आजोबांच्या चहात पुन्हा साखर घालू नका.