बोअर कोणी निवडला?

१/ स्वसंरक्षणासाठी अंगाशी लपवून बाळगायचे पिस्तूल ९ मिमीचे असावे की .४५ बोअरचे, हा अमेरिकी वाद हल्ली आपल्याकडील इतिहासप्रेमी तरुणही मोठ्या हिरिरीने घालतात. घालोत बापडे! भारतातील सामान्य परवानाधारकापुढे मात्र हा प्रश्न उरलेलाच नाही. तो सरकारने परस्पर सोडवला आहे, आणि सोडवताना परवानाधारकाच्या संरक्षणाचा विचार केलेला नाही.

२/ शस्त्र नियमांतील वर्गवारी वाचा. ज्या पिस्तुलातून वा रिव्हॉल्व्हरमधून .३८०, .४५५, लष्करी ९ मिमी किंवा .४५ काडतूस झाडता येते, ते प्रतिबंधित. उरते मुख्यतः .३२, म्हणजे सुमारे ८ मिमी व्यासाची गोळी. ९ मिमी अधिक जोरकस, हे खरे. पण इथे जोर मोजलेलाच नाही. सरकारी कोठारातले काडतूस खाजगी हत्यारात बसता कामा नये, एवढाच निकष.

३/ ही धास्ती १९५९च्या शस्त्र कायद्याहून जुनी आहे. १९०७च्या सुमारास ब्रिटिशांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींना बंदी केली, कारण त्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हातातील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना चालल्या असत्या. वाघ मारायला निघालेल्या साहेबांचीही त्यात पंचाईत झाली, विलायती बंदूककारांना.४७० सारखे नवे बोअर काढावे लागले.

४/ हत्यार कोणाच्या हाती द्यायचे हे राज्यकर्ते कसे ठरवतात, ते पाहायचे तर अकोले तालुक्यातील राजूरच्या डोंगरपट्ट्यात यावे. जवळच्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारी आणि कंपनी सरकार यांविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. दहा वर्षांच्या आत, १८५७च्या अखेरीस, नटॉल नावाच्या अधिकाऱ्याने याच डोंगरांतील महादेव कोळ्यांची पलटण उभारली आणि सरकारनेच त्यांच्या हाती हलकी बंदूक व संगीन दिली. समोर भिल्लांचे बंड होते ना! गरज सरली, १८६१मध्ये पलटण मोडली. १८७८च्या कायद्याने पुढे हिंदी माणसाला परवान्याची अट घातली, युरोपियनांना सूट.

५/ ‘मोठा बोअर असता तर क्रांती झाली असती’ असे लिहिणाऱ्यांनी नाशिक आठवावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग हे लंडनहून चोरून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. पेटीच्या चोरकप्प्यात मावणे आणि अंगावर दडणे, हाच त्याचा गुण. बोअरची चर्चा करायला तिथे उसंत कोणाला होती?

६/ आणि आजचे स्वसंरक्षण? २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे अर्धा किलो, बोअर अर्थातच .३२, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. परवान्यासाठी खेटे वेगळेच. राजूरच्या बाजारात भाताचे पोते विकायला आलेल्या बाईला ९ मिमी आणि .४५ मधला फरक कोणी समजावून सांगणार असेल, तर आधी हा हिशेब तिच्यापुढे मांडावा.