अडगळ ठरवणारे आपण कोण?

तीन आठवड्यांच्या सुट्टीवर भारतात जायचं आणि तिसऱ्याच दिवशी शिडी लावून आईच्या माळ्यावर चढायचं, ‘हे कशाला ठेवलंयस? ते कोण वापरतं?’ असं वरून ओरडायचं, ही आपली जुनी खोड आहे. आपली म्हणजे तुमचीही. उगाच मान वळवू नका. मागच्या जानेवारीत मी माळ्यावर चढलो नाही. आईच्या लॅपटॉपमध्ये शिरलो. माळ्यावर चढलो असतो तर निदान तिला दिसलं तरी असतं.

लॅपटॉप माझाच, जुना. विंडोजचा भार त्याला झेपेना, तेव्हा मी त्यावर डेबियन लिनक्स बसवून तो मिरजेला आईजवळ ठेवला होता. ती त्यावर दोनच कामं करते. रविवारी तिच्या रात्रीच्या आठ वाजता, म्हणजे इथे रेडिंगला दुपारी अडीच वाजता, माझ्या मुलीला मराठी वाचायला शिकवते. दोघी जणी एकेक ओळ आळीपाळीने वाचतात. मोबाइलवर आईला अक्षर दिसत नाही, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून मोठा पडदा. दुसरं काम म्हणजे माहेरच्या आठवणी टाइप करणं. चार वर्षांत साठ पानं झाली आहेत.

तर एका दुपारी ती भजनी मंडळाला गेली असताना मी तिच्या लॅपटॉपची साफसफाई काढली. पॅकेजांची यादी उघडली आणि एकेक नाव उडवत गेलो. हा खेळ? काढा. ही प्रिंटरची भानगड? काढा. कर्नल हेडर्स? हेडर्स लागतात प्रोग्राम बांधायला. आई काही सी भाषेत प्रोग्राम लिहिणार नव्हती. काढा. सव्वा जीबी मोकळा झाला. २४० जीबीच्या डिस्कवर पावणेदोनशे जीबी आधीच रिकामे होते, पण ते सव्वा जीबी पाहून मला कपाट लावल्यासारखं बरं वाटलं. संध्याकाळी लॅपटॉप छान चालला. दुसऱ्या दिवशीही. मी परत आलो.

आता हेडर्सचं खरं काम सांगतो. लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपला लिनक्सच्या कर्नलमध्ये तयार ड्रायव्हर असतोच असं नाही. काही चिपांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याच यंत्रावर पुन्हा बांधावा लागतो. हे बांधकाम डीकेएमएस नावाचं पॅकेज गुपचूप करतं, आणि त्याला लागणारं मोजमाप हेडर्समध्ये असतं. आईच्या लॅपटॉपची चिप याच जातीची. हेडर्स काढले त्या दिवशी काही बिघडलं नाही, कारण चालू कर्नलचा ड्रायव्हर आधीच बांधून तयार होता. फेब्रुवारीत सुरक्षेच्या अपडेटबरोबर नवा कर्नल आला. ती अपडेटं आपोआप यावीत अशी सोयही मीच करून ठेवली होती. डीकेएमएसने हेडर्स शोधले, मिळाले नाहीत, कोणी वाचणार नाही अशा जागी तसं लिहिलं आणि गप्प बसलं. दुसऱ्या दिवशी आईने लॅपटॉप लावला तेव्हा वायफायचं चिन्हच नव्हतं.

म्हणजे घाव जानेवारीत घातला आणि रक्त फेब्रुवारीत आलं. या दोन्हींचा संबंध त्या माउलीने कसा जोडावा?

तिने जोडला तो स्वतःशी. ‘माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असणार.’ पहिल्या रविवारी म्हणाली, आज लग्नाला जायचंय. दुसऱ्या रविवारी म्हणाली, घसा बसलाय. तिसऱ्या आठवड्यात फोनवर, आवाज बारीक करून: ‘अरे, तुझा लॅपटॉप माझ्याकडून बिघडला बघ. दुकानात दाखवला. तो मुलगा म्हणाला, वायफायचं कार्ड गेलंय, नाहीतर फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. मी म्हटलं, थांब, आधी मुलाला विचारते.’

ती थांबली म्हणून साठ पानं वाचली. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. सव्वा जीबीची साफसफाई करणाऱ्या माझ्या डोक्यात काही केबींच्या त्या फाइलची प्रत काढायचं आलं नव्हतं.

माझं भांडण आहे ते ‘वापरात नसलेलं’ या शब्दाशी. संगणकाला तुम्ही काय वापरता हे ठाऊक नसतं. डेबियन, उबंटू, मिंट या सगळ्या घराण्यात ॲप्ट नावाचा कारभारी असतो, त्याच्याकडे फक्त एक वही असते: हे पॅकेज मालकाने नाव घेऊन मागवलं, हे दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेपोटी आपोआप आलं. आपोआप आलेल्याला मागणारं कुणी उरलं नाही, की कारभारी म्हणतो, याची आता गरज नाही. खरं तर त्याला एवढंच म्हणायचं असतं, की याचा वशिला सुटला. ते पॅकेज दर सेकंदाला तुमचं वायफाय चालवत असेल, पण त्याच्या नावापुढे वशिला नसेल, तर ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणताच ते रस्त्यावर येतं.

आणि वशिला सुटतो कसा? डेस्कटॉपचा अख्खा संसार बहुधा एका मेटापॅकेजच्या नावावर असतो. त्या पॅकेजमध्ये स्वतःचं असं काही नसतं. हे हे लोक घरात हवेत, एवढी यादी असते. त्यातला एखादा नकोसा मेल प्रोग्राम तुम्ही काढता. यादी अपुरी झाली म्हणून मेटापॅकेजही जातं. मग तिच्या आधाराने आलेले सगळे एका क्षणात बेवारस. त्या गर्दीत नेटवर्कमॅनेजरही उभा असू शकतो. शंभर नावांची यादी समोर येते, खाली होय की नाही विचारलेलं असतं, आणि तुमचं बोट एंटरवर असतं.

चकलीचा सोऱ्या वर्षातले तीनशे साठ दिवस वापरात नसतो. तो भंगारात दिलेलं घर मी पाहिलेलं नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण रोज हाताला लागेल तेवढंच कामाचं मानतो.

इथे काही जण म्हणतील, इशारा दिला होता ना, वाचायला काय झालं? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. २०२१ साली लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबवरच्या प्रसिद्ध माणसाने पॉप ओएसवर गेम खेळण्यासाठी स्टीम बसवायला घेतलं. पॅकेजांच्या गुंत्यामुळे ॲप्ट डेस्कटॉपच काढायला निघालं. इशारा देऊन, खात्रीचं एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगून. त्याने ते केलं आणि डेस्कटॉप गेला. जाणकारांनी आधी त्यालाच हसून घेतलं. पण पुढे बदल झाला तो ॲप्टमध्ये: अत्यावश्यक पॅकेज काढायला नुसतं वाक्य टाइप करून भागेनासं झालं. म्हणजे दोष फक्त वाचणाऱ्याचा नव्हता, हे बनवणाऱ्यांनीच मान्य केलं. तरीही लक्षात घ्या, या घराण्यात अत्यावश्यक मानलेली पॅकेजं अगदी मोजकी आहेत, आणि नेटवर्कमॅनेजर त्यांत नाही. वायरने जोडलेल्या सर्व्हरला त्याची गरज नसते, त्यामुळे हे चुकीचंही म्हणता येत नाही. पण मिरजेत बहात्तर वर्षांच्या बाईला वायफाय हेच लॅपटॉपचं सर्वस्व आहे, हे कारभाऱ्याला कुठून कळणार? ते मला कळायला हवं होतं.

दुसरे म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, लिनक्स साध्या माणसांसाठी नाही. अहो, साध्या माणसाने काही केलंच नव्हतं. चार वर्षं आईच्या हातून त्या लॅपटॉपवर एकही गोष्ट मोडली नाही. मोडली ती स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या तिच्या मुलाने, एका दुपारी.

आणि तिसरे फॉरमॅटवाले. यांच्याशी माझं सगळ्यात जास्त वाकडं आहे. वायफाय गेलं? फॉरमॅट मारा. आवाज गेला? फॉरमॅट मारा. नळाचा वायसर गेला म्हणून घर पाडणारा गवंडी तुम्ही दारात उभा कराल का? मिरजेच्या दुकानातला मुलगाच तेवढा असा आहे असंही समजू नका. इथल्या आपल्या मंडळातल्या पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या मित्राने मला पहिला सल्ला हाच दिला.

अशा वेळी खरी पंचाईत अशी, की इंटरनेट दुरुस्त करायचं सामान इंटरनेटवर असतं. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते पळणाऱ्यांना लढायला लावण्यासाठी. आपण दोर कापतो ते डिस्कचा आलेख देखणा दिसावा म्हणून, आणि कापून झाल्यावर कळतं की गडाखाली आपणच आहोत.

तरीही एखादा दोर बहुतेक वेळा शिल्लक असतो. पहिला म्हणजे अँड्रॉइड फोन. तो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून टेदरिंग सुरू केलं, की लिनक्सला ती वायरची जोडणी वाटते आणि वायफायच्या ड्रायव्हरवाचून इंटरनेट मिळतं. आम्ही हे आधी करून पाहिलं, जमेना. अर्धा तास मी फोनवरून आईवर वैतागत होतो. शेवटी कळलं, तिच्याकडची केबल नुसती चार्जिंगची, तिच्यातून माहिती जातच नव्हती. हे लक्षात ठेवा आणि पुढच्या खेपेला श्रीखंडाच्या गोळ्या आणायला रिकामी बॅग नेताना तिच्यात एक धड केबल टाका.

दुसरा दोर आम्हाला लाभला. नवा कर्नल आला तरी ॲप्ट आधीचा लगेच फेकून देत नाही. डेबियन सुरू होताना पाच सेकंद एक यादी दिसते, तिच्यात दुसरी ओळ प्रगत पर्यायांची असते, आणि आत जुने कर्नल. मी म्हटलं, ‘आई, लावल्या लावल्या खालचा बाण एकदा दाब, मग एंटर.’ ती म्हणाली, ‘ती पाच सेकंदांची पाटी ना? रोज बघते मी.’ आतल्या यादीतला जुना आकडा तिने वाचून दाखवला, निवडला. मिनिटभराने म्हणाली, ‘आलं रे चिन्ह.’

जुन्या कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर जागेवरच होता. डिस्क साफ करण्याचे सल्ले देणारे पहिला हात याच जुन्या कर्नलांवर टाकतात. तो सल्ला मी त्या दुपारी पुरता पाळला असता, म्हणजे चालू सोडून बाकीचे हाताने उडवण्याचा पायंडाच पाडून ठेवला असता, तर सुटका झाली नसती.

पुढचं काम दहा मिनिटांचं. मी दुरून लॅपटॉपमध्ये शिरलो, ॲप्टचा इतिहास उघडला. तो व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये ॲप्टच्या नावाने असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या आज्ञेने काय काढलं ते तिथे लिहिलेलं असतं. तुमचं वायफाय साफसफाईनंतर गेलं असेल तर चिपला आणि राउटरला शिव्या देण्याआधी ही फाइल वाचा. माझ्या यादीत जानेवारीतली तारीख होती, दुपारचे तीन वाजून काही मिनिटं, आणि ‘हेडर्स’. भजनी मंडळाची वेळ. ते पुन्हा बसवले. डीकेएमएसने नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर लगेच बांधायला घेतला. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर नव्या कर्नलवरही चिन्ह आलं.

तुमच्याकडे गेलेली वस्तू वेगळी असू शकते: चिपचं फर्मवेअर, नेटवर्कमॅनेजर, किंवा पासवर्डची देवाणघेवाण करणारं डब्ल्यूपीए सप्लिकंट. इतिहासात सापडेल ते परत आणा, आणि ॲप्टमार्कने त्याच्यापुढे ‘हाताने बसवलेलं’ अशी खूण करा, म्हणजे पुन्हा त्याचा वशिला सुटणार नाही.

आईला मी सांगितलं, की चूक माझी होती, तू काहीही दाबलं नव्हतंस. ती म्हणाली, ‘असू दे रे.’ मग थोड्या वेळाने, ‘नक्की ना?’ हे तिने नंतरच्या दोन फोनमध्येही विचारलं. तीन आठवडे मनात धरलेलं एका वाक्याने जात नाही, याचा कोणत्याही साफसफाईच्या सल्ल्यात हिशेब नसतो.

त्या रविवारी आठ वाजता दोघी बसल्या. मुलगी जोडाक्षरं विसरली होती, ‘ज्ञ’ला अडली. साठ पानांची एक प्रत आता माझ्याकडे आहे आणि एक छापील मिरजेत, आईच्या सांगण्यावरून, माळ्यावरच्या ट्रंकेत.