आत किती गेले, बाहेर किती आले?

दिवाळीच्या रात्री नागपुरात लकडगंजच्या अग्निशमन केंद्राला सुट्टी नसते. भोवती लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या, आणि आकाशात आपल्या हौसेचे बाण! ठिणगी भुशात पडली की फराळाचे ताट सारून धावणाऱ्यांना आपण ‘शूर’ म्हणतो. आमची तक्रार ह्या शब्दाविरुद्धच आहे. तो उच्चारला की आपण आपल्या जबाबदारीतून मोकळे होतो.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’ ह्या जुन्या इमारतीला आग लागली. विझवता विझवता इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्यातच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होरपळून त्याच महिन्यात रुग्णालयात वारले. चौघेही जाणते अधिकारी होते. त्यांच्यात शौर्य कमी होते काय? पण शौर्याने तुळई सावरत नाही! लाकडी तुळई बाहेरून कोळसा होत बारीक होते, लोखंडी तुळई तापून वाकते. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा अर्ध्यापाऊण तासाची म्हणतात. धुरात जिने चढणाऱ्याची ती त्याआधीच संपते.

जानेवारी १९५८ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरात दोन जवान धुरात वाट चुकून मेले. त्यानंतर तेथे दाराशी फलक ठेवण्याची शिस्त पक्की झाली: आत कोण गेले, केव्हा गेले, हवा किती उरली. अमेरिकेचा नियमही असाच साधा आहे. आत दोघे जोडीने जातील, तेव्हा बाहेर दोघे त्यांना काढण्यास सज्ज राहतील.

कोणी विचारील, “मग अडकलेल्या पोराला मरू द्यायचे काय?” मुळीच नाही! जीव वाचण्याची आशा आहे तेथे धोका पत्करावाच. पण सागवानाच्या थप्पीसाठी कोणाचा मुलगा आत ढकलू नये. माल विम्यातून भरून निघेल, मुलगा कोठून भरून आणणार? शिवाय, आत कोसळलेल्या एका जवानाला काढण्यासाठी आणखी जवानांचे जीव पणाला लागतात.

आणि वाचकहो, आपणही निर्दोष नाही. जिन्यात सायकली व रद्दी आपणच रचतो. आगीची साधने चालू असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत द्यावा, असे २००६ चा महाराष्ट्राचा कायदा मालकाला बजावतो. आपल्या इमारतीचा दाखला किती जणांनी पाहिला आहे? बंब आला की दहाजण “आत माणूस आहे” म्हणून ओरडतात. कोणत्या खोलीत, हे एकालाही सांगता येत नाही. घरची माणसे मोजून तो आकडा एकानेच जवानांना सांगावा, एवढे तरी घरोघर ठरवा.

१९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी आपण दर १४ एप्रिलला मान लववतो. ती लववावीच. पण दुसऱ्या दिवशी नगरसेवकाला विचारावे: आपल्या केंद्रात दाराशी धरायचा फलक आहे काय? आणि बाहेर सज्ज राहायला दोन माणसे उरतात काय?