फाटे फुटलेच पाहिजेत

परवा आमच्या भागातल्या पाणीवापर संस्थेच्या बैठकीला गेलो होतो. उन्हाळी आवर्तनाचा विषय निघाला तसे टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, एक वयस्क शेतकरी उठले. म्हणाले, "वरच्या चाऱ्या भरून वाहतात अन् आमच्या पोटचारीत पाणी टिकत नाही. याचा हिशेब कोण देणार?" समोरून लगेच उत्तर आले, "अण्णा, विषयाला फाटे फोडू नका." अण्णा खाली बसले, बैठक वेळेत संपली. 'फाटे फोडू नका' या तीन शब्दांचा आलेला राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

राग आला की मी शब्दकोश उघडतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. प्रकरणाला फाटे फुटले की तुर्की माणूस 'दाल्लानिप बुदाक्लान्माक' म्हणतो. दाल म्हणजे फांदी, बुदाक म्हणजे डहाळी किंवा ती जिथून फुटते ती गाठ. बँकेची शाखा मात्र त्यांच्याकडे 'शुबे', आणि तो शब्द अरबीतून आलेला. इंग्रजीतली 'ब्रांच' निघाली लॅटिन 'ब्रांका'पासून, म्हणजे पंजापासून. फांदीला इंग्रजीत 'बाऊ' असाही जुना शब्द आहे, त्याचे मूळ आणि आपल्या 'बाहू'चे मूळ एकच. तुर्कीतही नदीच्या फाट्याला 'कोल', म्हणजे हात, म्हणतात. आपला फाटा मात्र सरळ 'फाटणे'तून आला.

आपल्या नगर जिल्ह्यात हा शब्द पत्ता सांगायला लागतो. नेवासा फाटा, बेलवंडी फाटा, सावळीविहीर फाटा. मोठा रस्ता तिथे फाटतो म्हणून गावाकडे वळता येते. डोक्यावर बोचके घेऊन एसटीतून उतरणाऱ्या बाईला विचारा, फाटा नसता तर तो गुळगुळीत महामार्ग तिच्या काय कामाचा होता?

पाण्याचेही तेच. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. तिथले पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांत विभागते. मुळा धरणाचा उजवा कालवा नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे जातो. कालव्याला फाटे, फाट्याला चाऱ्या, चारीला पोटचाऱ्या, पुढे शेतातला दंड आणि शेवटी वाफा. धरण कितीही भरलेले असो, एवढ्या ठिकाणी फाटल्याशिवाय पाणी उसाच्या किंवा कांद्याच्या मुळाशी पोचत नाही. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारे धरणाऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही.

आणि प्रत्येक फाट्यावर एक दार असते, दारावर एक माणूस असतो. पाणी अडते ते तिथे. म्हणून आधी टेलला, मग वर, असा भरण्याचा क्रम ठरवलेला आहे. शेतकऱ्यांच्या हाती सिंचनाचे व्यवस्थापन देणारा कायदा 2005 साली झाला, तो या दारांवर शेतकऱ्याची नजर राहावी म्हणून. मग टेलच्या माणसाचा प्रश्न हा विषय सोडून कसा? तोच विषय आहे. हेडला बसून टेलला गप्प करणे मला मुळीच मान्य नाही.

हीच रीत ग्रामसभेत दिसते, वार्षिक सभेत दिसते, घरातल्या वाटणीच्या बोलण्यातही दिसते. विचारणारी बहीण असेल तर हे तीन शब्द आणखी लवकर येतात. ज्याच्या वाट्याला आधीच भरपूर आले आहे त्याला विषय सरळ हवा असतो. ज्याच्यापर्यंत काहीच आलेले नाही, त्याला फाटा मागावाच लागतो.

नेवासा फाट्याचे नाव घेतले आणि मन नेवाशात गेले. पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली ती शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. मुळात श्लोक 700, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. एका श्लोकाला दृष्टान्त फुटतो, दृष्टान्ताला दुसरा फुटतो. पंधराव्या अध्यायात तर वर मूळ आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थच आहे. तो संसाराचा वृक्ष ज्ञानेश्वर पान, अंकुर, डहाळीपर्यंत उलगडून दाखवतात. संस्कृतात अडलेले ज्ञान मराठी बोलणाऱ्या बायाबापड्यांच्या दारात आले ते या विस्तारामुळे. सातशे श्लोक जसेच्या तसे ठेवले असते तर ते जाणत्यांच्याच घरी राहिले असते. आमच्या मातीतला सर्वांत मोठा ग्रंथ फाटे फोडतच पुढे गेला आहे आणि त्यातला एकही फाटा वाया गेलेला नाही.

पंधरावा अध्याय या आठवड्यात पुन्हा वाचणार आहे, तुम्हीही वाचा. आणि एक काम करा. पोटचारीच्याही पुढे, तुमच्या बांधापर्यंत येणाऱ्या पाण्याच्या वाटेला तुमच्या गावात काय म्हणतात, ते मला पोस्टकार्डावर कळवा. अकोल्याचा शब्द वेगळा असेल, जामखेडचा वेगळा. सगळे शब्द गावाच्या नावासह या सदरात छापीन.