पाडणाऱ्याची जबाबदारी

कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांना अलीकडे काळ्या पट्ट्याचे फार आकर्षण. हॉटेलच्या सभागृहात एखादा कराटेपटू येतो, फळी फोडतो आणि शिस्त, एकाग्रता, चिकाटी यांवर दीड तास बोलून चहाला मोकळा होतो. ऐकणारेही खूश असतात. पहाटे उठण्याचा निश्चय होतो आणि यथाकाल मोडतो. युद्धकलेकडून नोकरी-धंद्याने घ्यायचे ते एवढेच असेल, तर त्यासाठी फळी फुकट घालवायची गरज नव्हती. शिस्त आणि चिकाटी पहाटे दूध घालणाऱ्याकडेही असते.

घेण्यासारखे खरे आहे ते ज्युदोत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. १८८२ साली टोकियोतल्या एका देवळाच्या खोलीत त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. जागा बारा चटयांची, शिष्य मोजके. त्यांनी पुढे या विद्येची दोन सूत्रे सांगितली. एक, असलेल्या शक्तीचा उत्तमात उत्तम वापर. दुसरे, आपली आणि समोरच्याची मिळून भरभराट. पहिले सूत्र व्यवस्थापनवाल्यांनी हातोहात उचलले, कारण त्यात खर्च कमी आणि काम जास्त असा वास येतो. दुसरे मात्र जपानातच राहिले. खरे तर सगळी विद्या त्या दुसऱ्यावर उभी आहे.

ज्युदोच्या वर्गात नवख्याला आधी पाडायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, डोके वर, आणि अंग टेकताना हाताची थाप चटईवर. मग जोडी लागते. एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने पडायचे, नंतर उलट. पाडणाऱ्यावर एक जबाबदारी असते, ती बाहेरच्याला दिसत नाही. जोडीदार हवेत असताना त्याची बाही सोडायची नाही, उलट वर ओढून धरायची, म्हणजे तो डोक्यावर न आदळता कुशीवर येतो. जमिनीवरच्या पकडीत कुणी हाताने दोन थापा मारल्या, की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. खरेच दुखले का, आणखी थोडे सोसले असते तर, असली चौकशी नाही. आणि रोजच्या मोकळ्या सरावात कोण किती वेळा पडला याची नोंद कुणी ठेवत नाही. खेळाडूचे बहुतेक आयुष्य या बिनगुणांच्या सरावात जाते. स्पर्धा वर्षातून थोड्या.

ही जबाबदारी सुटली की काय होते, तेही जपानलाच विचारावे. १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली. डोक्याला मार लागून गेलेली त्यांत पुष्कळ आणि नुकती शिकू लागलेली, पहिल्या वर्षाची मुलेही पुष्कळ. तोच पोशाख, तीच चटई, वाकून केलेला तोच नमस्कार. पडायला पुरते शिकण्याआधीच पोरांवर डाव पडू लागले, की या बाकीच्या शिस्तीचा काडीचा उपयोग होत नाही.

आता आपल्या कचेऱ्या पाहा. सराव नावाची गोष्टच नाही, पहिल्या दिवसापासून नुसती स्पर्धा. नवी मुलगी काउंटरवर बसते ती थेट चिडलेल्या ग्राहकासमोर. नव्या अभियंत्याची पहिली चूक घडते ती चालू यंत्रणेवर, आणि त्या चुकीची ईमेल साहेबांसह दहा जणांना जाते. ‘मला हे झेपत नाही, थांबा’ असे म्हणणे म्हणजे दोन थापाच; पण त्यावर पकड सुटत नाही, वार्षिक अहवालात शेरा पडतो. वैमानिकाला आधी खोट्या विमानात अपघात करू देतात, हे सर्वांना पटते. कारकुनाला, शिक्षकाला, विक्रेत्याला तशी खोटी चूक करू द्यावी, हे मात्र कुणाला सुचत नाही.

शिकवताना हात राखण्यावर तर आपल्याकडे एक लाडकी गोष्टही आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. पठ्ठा उलटला, की त्या डावाने वस्ताद त्याला आस्मान दाखवतो. टाळ्या! कचेरीतले ज्येष्ठ ही गोष्ट चवीने सांगतात आणि जगतातही. एखादा पासवर्ड, एखाद्या जुन्या फायलीचा ठावठिकाणा, एखाद्या अधिकाऱ्याला कसे बोलायचे याची किल्ली, असे काहीतरी राखलेले असतेच. पण कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीवर उतरलेला तोच वस्ताद, तेच थोरले पैलवान, वर्षानुवर्षे बारकी पोरे अंगावर घेऊन खेळवतात, त्यांना डाव लावू देतात, मुद्दाम पडतातही. त्या घामाची गोष्ट आपण केली नाही. राखलेल्या डावाची तेवढी केली.

अर्थात सगळा दोष ज्येष्ठांच्या कोत्या मनाला देणे बरोबर नाही. ज्या कंपनीत दहा जणांतला एक ठरवून शेवटच्या पायरीवर बसवला जातो, तिथे शेजाऱ्याला शिकवणे म्हणजे स्वतःची खुर्ची हलवणे. बेल कर्व्ह नावाची ही गुणांची उतरंड मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये मोडीत काढली. आपल्याकडे ती कुठे उघड, कुठे लपून अजून चालते. अशा जागी काळ्या पट्ट्याचा वक्ता आणून ‘संघभावना’ शिकवणे हा निव्वळ विनोद आहे.

तेव्हा यंदा वक्त्याचे मानधन वाचवावे. त्याऐवजी प्रत्येक ज्येष्ठाने आठवड्यातला एक तास नवख्यासाठी द्यावा. त्या तासात त्याने स्वतः चिडका ग्राहक व्हावे, अडवणूक करणारा पुरवठादार व्हावे आणि नवख्याला हव्या तितक्या चुका करू द्याव्यात. त्या तासाची नोंद नवख्याच्या नावावर नको. ज्येष्ठाच्या वार्षिक अहवालात मात्र ती हवी, आणि बढतीच्या वेळी ती वाचलीही जावी.