चोरीच्या संशयितांची छायाचित्रे दुकानांत लावण्यास आळा घालणेबाबत निवेदन

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
पुणे शहर

विषय : दुकानांच्या दर्शनी भागात व व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर चोरीच्या संशयितांची छायाचित्रे प्रसिद्ध करणे थांबविणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शहरातील ग्राहक, दुकानांतील कर्मचारी व वकील पुढील बाब आपल्या निदर्शनास आणत आहोत.

काही कापड दुकानांत व किराणा मॉलमध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर सीसीटीव्हीतून काढलेली छायाचित्रे चिकटवलेली असतात. चेहऱ्याभोवती लाल गोल आणि वर ‘चोरांपासून सावधान’ असा मजकूर असतो. एका ठिकाणी फोटोतील मुलगी शाळेच्या गणवेशात आहे. तक्रारीचा क्रमांक किंवा तारीख कुठेच नसते. हेच फोटो पुढे सोसायट्यांच्या गटांवर फिरतात. ‘फोटो लावू’ असा दम देऊन वस्तूच्या किमतीच्या अनेक पट ‘दंड’ घेतल्याच्याही तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत.

दुकानदाराचे नुकसान खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. मात्र कायद्याने त्याला दिलेला मार्ग वेगळा आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास धरून सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात देण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. फोटो लावण्याचा अधिकार त्यात नाही. उलट, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे बदनामीस दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा होऊ शकते. आरोप खरा असला तरी तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. बदनामीची भीती घालून पैसे उकळणे हा तर कलम 308 खालील खंडणीचा विषय आहे.

5000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. न्यायालयात दोषी ठरलेल्यालाही कायदा सुधारण्याची संधी देतो. भिंतीवरचा फोटो मात्र केवळ संशयितालाही ती देत नाही.

लखनौमध्ये आंदोलनातील आरोपींची छायाचित्रे व पत्ते असलेले फलक प्रशासनाने लावले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 9 मार्च 2020 रोजी ते काढण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला, पण त्या आदेशाला स्थगिती दिली नाही. कायद्याचा आधार नसताना जे सरकारला करता आले नाही, ते दुकानदाराला कसे करता येईल?

फोटो लावल्याने तपासाचेही नुकसान होते. साक्षीदार रोज ज्या फोटोसमोर उभा असतो, त्यातील व्यक्तीला त्याने ओळख परेडमध्ये ओळखले, तर त्या ओळखीला न्यायालयात फारशी किंमत राहत नाही.

हे फोटो लागतात याचे एक कारण पोलीस ठाण्यातही आहे. दोन हजारांच्या साडीसाठी दुकानदार अर्ध्या दिवसाचा धंदा बुडवून ठाण्यात जातो आणि एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद घेऊन परततो. म्हणून आमच्या मागण्या दोन्ही बाजूंच्या आहेत :

1. असे फोटो काढून घेण्याबाबत सर्व पोलीस ठाण्यांमार्फत व्यापारी संघटनांना लेखी सूचना द्याव्यात.

2. अल्पवयीनांचे फोटो तात्काळ काढावेत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. त्याप्रमाणे कारवाई व्हावी.

3. संशयिताचे छायाचित्र प्रसिद्ध करायचे झाल्यास ते तपासाच्या गरजेपुरते पोलिसांनीच करावे आणि काम संपताच मागे घ्यावे.

4. ‘दंड’ वसुलीच्या तक्रारींवर गुन्हे नोंदवावेत.

5. दुकानदाराची तक्रार सीसीटीव्ही चित्रणासह चौकीवरच स्वीकारून पोच द्यावी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्राचा नमुना तेथे उपलब्ध ठेवावा.

‘येथे सीसीटीव्ही चालू आहे’ या पाटीला आमची हरकत नाही. दिवाळीच्या खरेदीची गर्दी सुरू होण्यापूर्वी वरीलप्रमाणे परिपत्रक काढावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सह्या करणारे नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, पुणे